आई रेडिओवर लागली ती संध्याकाळ

ऑफिसात नव्यानं आलेल्या मुलीनं घर लावून झालं म्हणून जेवायला बोलावलं. नागपूरची आहे, नुकतंच लग्न झालंय, आमच्या वन-नॉर्थच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी बसते आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघून ‘इथं थंडी कधी पडते हो ताई?’ असं विचारते. तिनं पत्ता पाठवला: चोआ चू कांग, ब्लॉकचा नंबर, सातवा मजला, घराचा नंबर. मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि एमआरटीच्या डब्यात उभ्या उभ्या मोठ्यानं हसले. शेजारचा मुलगा कानातला इअरफोन काढून माझ्याकडे बघायला लागला. सिंगापूर एवढंसं बेट, त्यात असं कधीतरी व्हायचंच. पण व्हावं म्हणजे किती! मी माझ्याच जुन्या घरी पाहुणी म्हणून निघाले होते.

लिफ्ट आता सातव्या मजल्यावर थांबते. मला तो जवळजवळ अपमान वाटला. आमच्या वेळी ती फक्त पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबायची, आणि त्यावरून आमच्या घरात कायमचा वाद होता. आईचं म्हणणं, पाचव्यावर उतरावं आणि दोन मजले चढावं. बाबांचं म्हणणं, नवव्यावर जावं आणि दोन मजले उतरावं, उतरायला काय कष्ट? दोघंही हट्टाला पेटलेले. बाजारातून बरोबर आले तरी आई पाचव्यावर बाहेर पडायची, बाबा वर निघून जायचे आणि मग दोघं घराच्या दारात नव्यानं भेटायचे. मी एक दिवस आईच्या पक्षात, एक दिवस बाबांच्या. हा सगळा संसार एका बटणानं मिटवून टाकलेला बघून मी लिफ्टमधून बाहेर आले.

जेवण वाढायच्या आधीच मी स्वयंपाकघरात घुसले. पाहुण्यानं असं करू नये, कळतं मला, पण पाय थांबेनात. ओटा बदललाय, फरशी बदललीय, खिडकी मात्र तीच. खिडकीखाली बाहेरच्या भिंतीत बसवलेल्या लोखंडी नळ्याही त्याच. कपडे वाळत घातलेल्या बांबूच्या लांब काठ्या त्या नळ्यांत खोचायच्या आणि कपड्यांसकट हवेत आडव्या सोडून द्यायच्या, ही इथली जुनी रीत. मी वाकून बघितलं. मधल्या नळीच्या गळ्याभोवती काळी पडलेली तांब्याची तार होती, चांगले चार-पाच वेढे आणि शेवटी पीळ.

“ते काय आहे काही कळत नाही,” मुलगी म्हणाली. “आम्ही पक्कड लावून पाहिली. निघतच नाही.”

“निघणार नाही. सामंतकाकांनी बांधलीय.”

कोण सामंतकाका, हे ती विचारत राहिली आणि मी तिच्या स्वच्छ खिडकीतून कोपरापर्यंत हात बाहेर काढून तशीच उभी राहिले. तार बोटांना गार लागली. माझं मेलीचं हृदय दहा-अकरा वर्षांच्या मुलीसारखं धडधडायला लागलं.

नव्वदीच्या दशकातला तो एक डिसेंबर. शाळेला मोठी सुट्टी, रोज दुपारी धो धो पाऊस आणि संध्याकाळी कॉरिडॉरभर ओल्या सिमेंटचा वास. त्या वासात मग एकेका दारातून एकेक वास येऊन मिसळायचा. शेजारच्या रोकिया माकचिकच्या कढईतून सुक्या मासळीचा झणझणीत मसाला. माकचिक म्हणजे मलायमध्ये मावशी, आणि ती खरोखर मावशीच होती. टोकाच्या घरातल्या टान अंकलच्या दाराबाहेर लाल उदबत्त्या. आमच्या दारातून गोडा मसाला आणि बाबांच्या हातांचा संत्र्याचा साबण. बाबा मरीन इंजिनिअर, जहाजदुरुस्तीच्या यार्डात कामाला. कितीही हात धुतले तरी साबणाच्या खाली डिझेल असायचंच. मला अजूनही पेट्रोल पंपावर उगाच घरी आल्यासारखं वाटतं.

त्या डिसेंबरात आमच्या घरात एकच विषय होता: आई रेडिओवर लागणार होती.

आई लग्नाआधी साताऱ्याहून मुंबईच्या केंद्रावर गायची. दोनदाच गायली, दोन्ही वेळा थेट, स्टुडिओतून. सगळ्या साताऱ्यानं ऐकलं, तिनं नाही, कारण ती गात होती. पुढे लग्न झालं, नाव बदललं, सिंगापूर झालं. गाणं पोळ्या लाटताना आणि केस वाळवताना तेवढं उरलं. पण त्या दिवाळीत आम्ही भारतात गेलो तेव्हा केंद्रावरून पुन्हा बोलावणं आलं, आणि आता आधी ध्वनिमुद्रण करून मग प्रसारित करायची पद्धत आली होती. मी आणि आजोबा बाहेर बाकावर बसलो होतो. जाड दार, दारावर लाल दिवा, आतलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आई बाहेर आली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. टॅक्सीत ती हळूच म्हणाली, “मला एकदाच ऐकायचंय गं, लांबून कशी येते मी.”

एवढीच तिची इच्छा. दागिना नाही, सहल नाही. मला ती इतकी मोठी वाटली की त्या रात्री मी देवाला स्वतःसाठी काही मागितलं नाही.

गाणं कधी लागणार ते आजोबा फोनवरून कळवणार होते. साताऱ्याहून फोन आला की आजोबा बोलायचे नाहीत, ओरडायचे. तारेवर त्यांचा विश्वास नव्हता, समुद्रापलीकडे आवाज आपल्यालाच पोचवायचा आहे असं ते समजत.

“बुधवारी! साडेसात!” रिसीव्हर आईच्या कानाला होता तरी मला बैठकीत ऐकू आलं. “बाळ, साडेसात! मोठा रेडिओ लाव!”

आईनं फोनवरूनच मान वळवून स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघितलं. आमच्याकडे दोन घड्याळं होती. बैठकीतलं सिंगापूरचं, स्वयंपाकघरातलं भारताचं, अडीच तास मागे. हे घड्याळ आईनं या घरात आल्या आल्या लावलं होतं. पीठ मळता मळता ती वर बघायची आणि आम्हाला बातमी द्यायची, “आत्ता अप्पांचा चहा झाला असेल. आत्ता अप्पा फिरायला निघाले असतील.” अप्पा म्हणजे आजोबा. शाळेतून येऊन मी भूक लागली म्हटलं की त्या घड्याळात अजून सकाळच असायची, आणि मला फार गंमत वाटायची.

“तिकडचे साडेसात,” फोन ठेवून आई म्हणाली, “म्हणजे आपले दहा.”

मी बोटांवर मोजलं. बाबांनी मनात मोजलं. दोघांचंही उत्तर दहाच आलं.

मग सामंतकाका आले. काका मालवणचे, जहाजावर रेडिओ ऑफिसर. दोन जहाजांच्या मधल्या मुक्कामात झोपायला पाया लेबारला मित्राकडे असायचे आणि जेवायला आमच्याकडे. जहाजांवर तेव्हा उपग्रहाची यंत्रं बसायला लागली होती, काकांची नोकरी जाणार हे त्यांच्यासकट सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच की काय, काका रेडिओबद्दल बोलायला लागले की तोंडाला कुलूप नसायचं. छातीशी धरून त्यांनी आपला शॉर्टवेव्हचा संच आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्यावरचा रुमाल सत्यनारायणाच्या प्रसादावरचा काढावा तसा काढला.

“वहिनी, रेडिओ कोणीही लावेल. स्टेशन पकडायला माणूस लागतो.”

“मग पकडा,” आई म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी माणसानं तीन चिनी, दोन इंडोनेशियन आणि एक कोण जाणे कुठलं रडणारं व्हायोलिन पकडलं. मुंबई लागेना. पण मला ती संध्याकाळ अजून कानात आहे. काकांची जाड बोटं बटण केसभर फिरवायची आणि खोलीतून एकेक देश निघून जायचा. कुणी बातम्या सांगतंय, कुणी अजान देतंय, कुणी हसतंय, मधूनच टिक टिक टिक असा जहाजाचा संदेश, की काका लगेच ओठ हलवून तो वाचणार. आणि सगळ्यांच्या मागे ती खरखर. आमच्या टेबलाच्या भोवती एवढे लोक बोलत उभे आहेत आणि आपल्याला फक्त एक तार कमी पडतेय, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

तार दुसऱ्या दिवशी आली. ती खिडकीच्या नळीला बांधून काठीवरून बाहेर सोडायची, पण एक काठी पुरेना. काका म्हणाले, शेजारची काठी मिळाली तर बघा. मी माकचिककडे गेले. तिच्या काठीवर तिचे सगळे फुलाफुलांचे, लुंगीसारखे गुंडाळायचे सारोंग वाळत होते.

“रेडिओ फॉर युअर मम्मी?” माकचिक म्हणाली. “टेक, टेक. माय सारोंग कॅन वेट.”

मग सातव्या मजल्यावर दोन काठ्यांच्या टोकांना तार ताणून काका खाली बघत उभे राहिले आणि बाबा त्यांचा पट्टा मागून धरून. “सोडू नका हो इंजिनिअरसाहेब!” “हलू नका हो तुम्ही!” आई देवापुढे बसली ती काका आत आल्यावरच उठली. पण मुंबई लागली! खोल विहिरीतून आल्यासारखी, पण मराठी! कांद्याचे बाजारभाव सांगत होती. आम्ही चौघांनी कांद्याच्या भावाला टाळ्या वाजवल्या.

आता एकच अडचण उरली, ती म्हणजे आवाजामागची सततची गुंगुं. काकांनी फर्मान काढलं, “ट्यूबलाइट आणि टीव्ही, हे आपले शत्रू. आजूबाजूच्या घरातले पंधरा मिनिटं बंद झाले ना वहिनी, तर तुमचा श्वास पण ऐकू येईल.”

हे काम माझ्याकडे आलं. मी दारोदार फिरले. लाजणं वगैरे काही नाही, मी लाजायच्या पलीकडे गेले होते. कुणी म्हणालं बघू, कुणी म्हणालं ओके. टोकाला टान अंकल. ते टॅक्सी चालवायचे, नऊच्या सुमाराला परत यायचे, स्टुलावर बसून पायाला तेल लावायचे आणि कुणाशी फारसं बोलायचे नाहीत.

“अंकल, वेन्सडे टेन ओ’क्लॉक, ऑफ द लाइट, ऑफ द टीव्ही, कॅन?”

“फॉर वॉट?”

“माय मदर सिंगिंग. ऑन रेडिओ. फ्रॉम इंडिया.”

अंकल तेल लावायचे थांबले. “युअर मदर हिअर, हाऊ कॅन सिंग फ्रॉम इंडिया?”

मी सगळं समजावलं, स्टुडिओ, लाल दिवा, कानाच्या पाळ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “टेन ओ’क्लॉक,” ते म्हणाले. “कॅन.”

बुधवार उजाडला तो मुळी दिवाळीसारखाच. आईनं ध्वनिमुद्रणाच्या वेळची निळी साडी इस्त्री करून पलंगावर ठेवली. “रेडिओला दिसणार आहेस का तू?” बाबांनी विचारलं. “मला दिसणार आहे,” आई म्हणाली. रात्रीसाठी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचे लाडू. बाबांनी कोरी कॅसेट आणून टेपरेकॉर्डरवर ठेवली, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट, कारण आत्तापासून उघडली तर धूळ बसेल. बाबांची शिस्त! आजोबांकडे टेपरेकॉर्डर नव्हता आणि केंद्राकडे कॅसेट मागायची त्यांना लाज वाटत होती, त्यामुळे सगळा भरवसा या एका कॅसेटवर होता.

सात वाजून गेले. बाहेर अंधार पडला. घरोघरचे टीव्ही सुरू झाले, मजलाभर ट्यूबलाइटी लागल्या. चहाला दूध कमी पडेल असं आईच्या मनानं घेतलं आणि ती घरातल्या साध्या गाऊनवरच पिशवी घेऊन खाली गेली. ब्लॉकच्या तळाशी मोकळ्या मजल्यावर एका तमिळ गृहस्थांचं लहानसं दुकान होतं. अशा दुकानांना इथं सगळेच ‘मामा शॉप’ म्हणतात आणि आमच्या घरी ते सरळ मामाकडे जाणं झालं होतं.

काका सहज, हात मोकळा करायला म्हणून, बटण फिरवत होते. मुंबई पटकन लागली.

“वा! संध्याकाळ झाली की लहरी कशा उसळी मारतात बघ पोरी. आता काटा इथंच ठेवायचा. दहा वाजेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.”

गुंगुं आवाज येत होता. त्यातून एक बाई म्हणाली, “...सुगम संगीत. गायिका, कुंदा कारखानीस.”

कारखानीस म्हणजे साताऱ्याचे आजोबा, एवढं मला माहीत होतं. आमच्या घरी आईचं नाव अनघा. त्यामुळे मी आपली विचार करत राहिले, ही कोण बुवा आजोबांच्या नात्यातली कुंदा? पेटी वाजली, तबला आला. मग गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी एक बारीकसा श्वास घेतला. फोडणीत मोहरी टाकायच्या आधी आई घेते तो. आमच्या घरातला, ओट्यापाशी रोज ऐकू येणारा.

“आई!” मी किंचाळले.

“कुठंय?” बाबा न्हाणीघरातून ओरडले.

“रेडिओत!”

सूर आला. आईचा, आईचाच, पण असा मी कधी ऐकला नव्हता. घरी ती कुकरच्या शिट्टीला थांबून गायची, मला हाक मारायला थांबून गायची. इथं ती कुणासाठी थांबत नव्हती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. काका उठून उभे राहिले, का ते त्यांनाही माहीत नसावं, आणि एकदम भानावर येऊन ओरडले, “इंजिनिअरसाहेब, कॅसेट!”

बाबा ओल्या हातांनी धावले आणि त्या प्लॅस्टिकशी झटू लागले. ओल्या बोटांना ते कसलं दाद देतंय? मी दारातून बाहेर सुटले. कॉरिडॉरच्या कठड्यावर पोट टेकवून खाली वाकले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले.

“आई! तू लागलीस! आई, लवकर ये, तू लागलीस!”

माकचिक झारा हातात घेऊन बाहेर आली. “वॉट हॅपन? फायर?”

“माय मदर! ऑन रेडिओ! नाऊ! नॉट टेन, नाऊ!”

माकचिकनं दुसरा प्रश्न विचारला नाही. आत हात घालून आपला दिवा घालवला, टीव्ही घालवला आणि झारा हातात तसाच ठेवून शेजारच्या दारांवर थापा मारत निघाली, “ऑफ! ऑफ! फास्ट, लाह!” इथल्या बोलण्यातलं शेपूट, ‘लाह’, घाईतही सुटलं नव्हतं. एक दार काळं झालं, मग दुसरं. आणि आमच्या घरातून येणारा आवाज खरोखर स्वच्छ होत गेला. गुंगुं विरली, आई वर आली. मला नाचावंसं वाटत होतं आणि रडावंसं वाटत होतं, पण आधी आई आणायची होती. मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत पाचव्या मजल्याकडे धावले, कारण आई नेहमी पाचव्यावर उतरते.

लिफ्ट वर येत होती. तिच्या दाराला उभी काच होती. मी समोर उभी राहिले, हात पुढे करून, तिला ओढायच्या तयारीत. काचेत उजेड आला, आईचा अंबाडा दिसला, दुधाची पिशवी दिसली आणि लिफ्ट न थांबता वर निघून गेली.

आयुष्यात पहिल्यांदा, घाई झाली म्हणून, आईनं बाबांचं ऐकलं होतं. ती नवव्याला गेली.

मी पुन्हा वर धावले. ती वरून येत होती, मी खालून. आम्ही दारात एकदमच पोचलो. तिचा श्वास फुलला होता, चेहरा पांढराफटक. माझी हाक तिला खाली ऐकू आली होती, पण शब्द नाहीत. तिला वाटलं कुणालातरी काहीतरी झालं. आत रेडिओवरची बाई शांतपणे म्हणाली, “गायिका होत्या कुंदा कारखानीस.” आणि कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती सुरू झाली.

आई उंबऱ्यातच उभी राहिली. आपलं माहेरचं नाव तेवढं तिला ऐकू आलं.

बाबांच्या हातात कॅसेट होती, एका कोपऱ्याला दातांनी फाडलेली. काकांनी रेडिओचा आवाज हळू केला.

आईनं साताऱ्याला फोन लावला. यावेळी आजोबा नेहमीसारखे ओरडत नव्हते. मला रिसीव्हरला कान लावून ऐकावं लागलं.

“काय गायलीस गं बाळ.”

“अप्पा, तुम्ही साडेसात म्हणालात.”

“मग? लागलं की साडेसातला. तुझ्या साडेसातला. मी माझ्या सिंगापूरच्या घड्याळात बघूनच सांगितलं. तू परत कशाला बदललंस?”

आईनं विचारलं, “तुमच्याकडे सिंगापूरचं घड्याळ कुठून आलं?”

“खाटेशी लावलंय. तू गेलीस त्याच आठवड्यात. तू इथं आलीस की काढून ठेवतो, तेव्हा लागतं कशाला? नाहीतर मला कळणार कसं, तू जेवलीस का, झोपलीस का ते?”

आईनं स्वयंपाकघरातल्या आपल्या घड्याळाकडे बघितलं. दोघंही इतकी वर्षं एकमेकांची वेळ वापरत होते आणि दोघांनी एकमेकांना ते कधी सांगितलं नव्हतं. तिनं रिसीव्हर ठेवला, पदर नव्हता म्हणून गाऊनच्या बाहीनं डोळे पुसले आणि दूध तापत ठेवलं.

मला मात्र रडू आवरेना. खिचडी कुणाला गेली नाही. निळी साडी पलंगावर तशीच. बराच वेळ झाल्यावर आई टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, “कशी गायले मी?”

बाबा म्हणाले, “छान. फारच छान.” काका म्हणाले, “सिग्नल उत्तम, वहिनी. मध्ये जरा खाली गेला, पण दिवे गेल्यावर एकदम वर.” मी म्हणाले, “अगदी तुझ्यासारखं.”

“म्हणजे कसं?” आईनं विचारलं.

तिघांपैकी एकालाही सांगता येईना. आई आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि मग बोटानं टेबलावर सांडलेले खिचडीचे दाणे गोळा करायला लागली.

दहा वाजले आणि कॉरिडॉरमधल्या एका घराच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्यांमागचा उजेड गेला.

मग शेजारचा. मग त्यापलीकडचा. बातम्यांचा आवाज मध्येच तुटला. टोकाला टान अंकलच्या घरचा टीव्ही बंद झाल्याचा टक् आवाज आला आणि त्यांनी स्टूल ओढून दाराबाहेर ठेवल्याचा. गडबडीत, रडारडीत, आता नको म्हणून कुणाला सांगायचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. लोकांनी शब्द पाळला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“त्यांनी घालवले आणि आपला दिवा?” बाबा पुटपुटले आणि त्यांनी उठून आमचीही ट्यूब बंद केली.

अंधारात सगळा मजला गप्प बसून होता. माकचिकच्या बांगड्या वाजल्या तेवढ्याच. आम्ही चौघं टेबलाशी, मध्ये बंद रेडिओ. कुणीतरी बाहेर जाऊन माफी मागायला हवी होती, आणि माझ्या मनात आलं की मलाच पाठवणार. मी खुर्ची मागे सरकवली.

तेवढ्यात आईनं तो बारीकसा श्वास घेतला.

पेटी नाही, तबला नाही, गाऊनला खिचडीचा हात पुसलेला. तिनं पहिला सूर लावला आणि ती गायली, तेच गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी हाक मारली नाही, कुकर वाजला नाही, ती कुणासाठी थांबली नाही. मध्यावर तिचा आवाज एकदम मोकळा झाला. दार उघडं आहे, कॉरिडॉर भरलाय, हे ती विसरली म्हणून, की तिला ते आठवलं म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही. काका ओंजळीत तोंड घालून बसले होते. बाबा तिच्याकडे बघत होते, इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की बघतात तसे.

गाणं संपलं. कॉरिडॉरमधून सपातांचा आवाज आला. दारात टान अंकल उभे राहिले. आत अंधार, त्यांना कोण कुठं बसलंय ते दिसत नव्हतं. दिसली असेल ती टेबलावरची रेडिओची चौकट.

“वा,” ते म्हणाले, “युअर रेडिओ व्हेरी क्लिअर, लाह. सो फार, बट नो नॉइज.”

त्यांच्यामागे माकचिक होती. तिला सगळं माहीत होतं. ती हसू दाबत म्हणाली, “यस, यस. गुड रेडिओ.”

आणि अंधारात आई हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, मग अशी की तिला टेबल धरावं लागलं. “ऐकलंत?” ती बाबांना म्हणत होती. “ऐकलंत का? लांबून अशी येते मी!” आम्ही सगळे हसायला लागलो. बिचारे टान अंकल, त्यांना कळेना यात हसण्यासारखं काय आहे. माकचिक त्यांना हाताला धरून घेऊन गेली. मग सगळे दिवे लागले, आणि खिचडी गरम करून आम्ही ती भांड्याला लागलेली सुद्धा खाल्ली.

“ताई, जेवायला येताय ना?” नागपूरची मुलगी माझ्या मागे उभी होती. माझा हात अजून खिडकीबाहेरच.

तेवढ्यात फोन वाजला. आई, पुण्याहून. बाबांच्या निवृत्तीनंतर ती दोघं तिकडे गेली आणि तिच्या तिथल्या स्वयंपाकघरात आता सिंगापूरचं घड्याळ आहे. त्यात माझ्या जेवणाची वेळ झाली की ती फोन करते. मी कॅमेरा फिरवून तिला नळी दाखवली, तार दाखवली.

“अगं बाई! सामंतांची गाठ!” ती ओरडली. आजोबांसारखीच ओरडते आता. आवाज घोगरा झालाय, गाणं डॉक्टरांनी बंद केलंय. चित्र अडकलं, तिचा चेहरा चौकोनांत फुटला, आवाज खरखरला आणि त्यातून ती विचारत राहिली, “ऐकू येतंय का गं? येतोय का माझा आवाज?”

“व्हेरी क्लिअर, लाह,” मी म्हणाले. “सो फार, बट नो नॉइज.”

पलीकडून आधी नुसती खरखर आली. मग तिचं हसू आलं.